कोरलेला धुरा

जगदेवचे पाय गेले आणि हातात दुप्पट जोर आला. कमरेखाली चिमटा काढला तरी त्याला कळत नव्हतं, पण त्या दिवशी पडल्यापडल्या त्यानं कोपर असं हाणलं की साधनाचा ओठ तिच्याच दातांवर फाटला. ती मोरीत गेली, रक्त थुंकली, चूळ भरली आणि पदर तोंडाला लावून परत आली.

"मोठी माय, पाय धरा," ती म्हणाली. "कूस बदलाची राह्यली."

मी पाय धरले. ज्या पायांनी तो उधळलेला गोऱ्हा अडवायचा, ते आता वाळल्या तुराट्यांसारखे हलके झाले होते.

अकोल्याच्या दवाखान्यातून आणताना तिथल्या सिस्टरनं बजावलं होतं की दिवसरात्र याची कूस बदलत राहा, एका अंगावर राहिला तर मांस सडेल. तिनं सांगितलं ते खरंच होतं. पण कूस बदलायची तर खाटेवर वाकावं लागतं, एक हात त्याच्या मानेखाली आणि एक कमरेखाली घालावा लागतो, आणि वाकलं की माणूस त्याच्या हाताच्या टप्प्यात येतो, हे तिला कुठून ठाऊक असणार? रोज मार खाऊन साधना त्याला वळवत होती. तरी माकडहाडावर जखम झालीच. आधी नुसता लाल डाग होता, पावसाळा लागेपर्यंत पुरीएवढं भोक पडलं. त्यात ती मिठाच्या पाण्यात उकळलेलं फडकं भरायची. घाण वास यायचा. त्याला जखमेचं काही कळायचं नाही, पण वास मात्र यायचा, आणि वास आला की तो हात उचलायचा.

जगदेव माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. त्याची आई बाळंतपणात गेली. माझे मालक तर त्याआधीच गेले होते आणि मला मूलबाळ नव्हतं. पोरगा माझ्या मांडीवर आला तो लग्नापर्यंत उतरला नाही. पोळ्याला बैलांच्या शिंगांना बेगड लावायचा त्याचा हट्ट असायचा, आणि बैलानं मान हलवली की बैलाच्याच थोबाडीत मारायचा. तेव्हा आम्ही हसायचो. तापट आहे म्हणायचो, मर्द गडी होईल म्हणायचो.

त्या दिवशी ओठाला हळद लावताना साधना मला शांतपणे म्हणाली, "आता आखरी सांगतो मोठी माय. आणखी एक डाव त्यानं माह्यावर हात टाकला त मी निकिताले घेऊन रिठदले जातो. मंग त्याची कूस कोण बदलते, थे त्यानं पाहावं."

रिठद तिचं माहेर, निकिता तिची पोरगी. ती गेली तर काय होईल हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. माझ्या एकटीच्यानं तो हलत नव्हता. पंधरवडाभरात सडून मेला असता.

ही सगळी आग त्या धुऱ्यापासून लागली.

मी लग्न होऊन केनवडला आले तेव्हा आमचं वावर एकसंध होतं. वरून पाहिलं की खालच्या नाल्यापर्यंत ज्वारीच ज्वारी. माझे मालक गेल्यावर दोन्ही दिरांनी वाटणी केली आणि मधे बांध घातला, आमच्याकडे त्याला धुरा म्हणतात. वरचं वावर जगदेवच्या बापाला, खालचं मोठ्या दिराला, शेषरावच्या बापाला. उतार होता म्हणून खालच्या अंगानं मांडीएवढी गोट्यांची भिंत रचली आणि वरच्या अंगाला माती चढवली. मी स्वतः टोपल्यानं गोटे वाहिले. तो धुरा एवढा रुंद होता की त्यावरून बैलगाडी जायची. त्यावर हिवराची झाडं होती, बैलांना पुरेल एवढं गवत होतं. आम्ही बाया भाकरीचं टोपलं घेऊन त्यावरून ओळीनं जायचो. निंदताना पाऊस आला की हिवराखाली बसून दोन्ही घरच्या बाया एकाच फडक्यातली भाकर खायच्या.

दोन्ही दीर गेले आणि वावरं पोरांच्या हाती आली. धुरा तेव्हापासून कमी व्हायला लागला. आमच्याकडे ही चाल जुनी आहे. उन्हाळवाही करताना कडेचं शेवटचं तास, म्हणजे शेवटची ओळ, घेताना वखराची पास, ते लोखंडी पातं, जराशी तिरपी धरायची आणि धुऱ्याची हातभर माती आपल्या वावरात ओढून घ्यायची. एका वर्षात कुणाला दिसत नाही. जगदेवनं हिवर तोडले, गवत जाळलं. वरच्या अंगानं गोटे उघडे पडले तर साधनाला ते वेचून नाल्यात टाकायला लावले. शेषराव खालून ओरडायचा. एकदा दोघांची जुंपली, शेषरावनं जगदेवचा एक दात पाडला, जगदेवनं त्याच्या डोक्यात बैलगाडीची उभारी घातली. पोलीस आले, चहा पिऊन गेले. पुढच्या उन्हाळ्यात जगदेवनं पुन्हा पास तिरपी धरली.

शेवटी धुरा एवढा उरला की त्यावर बाईनं पाऊल टाकलं तर ढेकळं खाली घसरायची.

मागच्या वर्षी मृगाच्या आधी गावातल्या दौलतसिंगचा ट्रॅक्टर भाड्यानं लावला होता. चालवायला तांड्यावरचा रूपला होता. सगळं वावर झालं, धुऱ्याकडचं शेवटचं तास राहिलं. रूपलानं ट्रॅक्टर थांबवला आणि म्हणाला, चाक कडेवर जाते, माती पोकळ आहे, मी नाही नेत. जगदेवनं त्याला आईवरून शिवी दिली, दंडाला धरून खाली ओढलं आणि स्वतः सीटवर बसला. मी आणि साधना काडीकचरा वेचत होतो. चाक कडेवर गेलं, धुरा ढासळला आणि ट्रॅक्टर आडवा होऊन शेषरावच्या वावरात पडला. स्टिअरिंग आणि जमिनीच्या मधे जगदेव.

माणसं धावली. ट्रॅक्टर उचलून त्याला ओढून काढलं. तो शुद्धीत होता आणि एकच सांगत होता, पाय कुठं हायेत माह्ये. पडलेल्या माणसाला लगेच उभं करावं, रक्त मोकळं होतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. दोघांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं. तो घसरला. पुन्हा उभं केलं. कुणीतरी म्हणालं, अजून एक डाव. मणक्यात काहीतरी करकरलं तो आवाज मी ऐकला. ओली फांदी पिळून मोडावी तसा होता.

वाशीम झालं, अकोला झालं, पाठीत सळया घातल्या. डॉक्टरांनी सांगितलं की पाय येणार नाहीत, पण हात आहेत, बसता येईल, खुर्ची चालवता येईल, घरातली कामं करता येतील. त्यांनी व्यायाम शिकवला. जगदेवनं तो केला. दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, उचलून धरायचं. त्याचे दंड फुगले. वाशीमच्या शिबिरात चाकाची खुर्ची मिळाली. तिच्यात तो एकदाच बसला. गल्लीत नेला तर लघवीची पिशवी खुर्चीखाली लोंबत होती आणि ओट्यावरच्या पोरी ती पाहत होत्या. त्यानं खुर्ची भिंतीवर आपटली. पुढे साधना तिच्यावर ओले कपडे वाळत घालायची.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा की शेषरावनं खालून धुरा पोखरला, गोटे काढले, मला मारायसाठीच केलं. लोक चहाचा घोट घेऊन मान हलवायचे. खाटेवर पडलेल्या माणसाला खोटं कोण पाडतं? साधनाही काही बोलत नव्हती. उशाला त्यानं बैल हाकायची तुतारी ठेवली होती, टोकाला आर म्हणजे अणकुचीदार खिळा असलेली काठी. शेषराव दिसला की ही त्याच्या पोटात घालीन म्हणायचा. शेषराव काही दिसायचा नाही. आर साधनाच्या दंडात जायची.

या वर्षी पाऊस वेळेवर झाला. सगळ्या शिवाराची सोयाबीन पेरून झाली. आमचं वावर उघडं पडलेलं. रूपला यायला तयार नव्हता, दुसरा कुणी जगदेवच्या तोंडाला लागायला तयार नव्हता. एक दिवस मी पिठाच्या गिरणीवर उभी असताना शेषराव आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, गिरणीच्या पट्ट्याकडे पाहत बोलला.

"मोठी माय, तुमचं वावर मी पेरून देतो. उपकार नाई करून राह्यलो. पडीत राह्यलं त तण माह्यात येते. पण धुऱ्यापासून चार हात सोडून पेरीन. हे साधनाले सांगा."

मी सांगितलं. साधना कणीक मळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "पेरू द्या."

जगदेवला आम्ही सांगितलं नाही. पण गावात कुठली गोष्ट लपून राहते? शेजारची भुरीबाई दूध मागायला आली आणि दारातूनच बोलून गेली की बरं झालं बाई, शेषरावनं तिफण घातली तुमच्या वावरात, शेवटी रक्ताचं माणूस.

मी खाटेजवळ बसून लसूण सोलत होते. जगदेवनं ऐकलं. डोळे मिटून पडून राहिला. मला वाटलं, झोपला.

दुपारी साधना कूस बदलायला आली. वाकली. त्यानं तिची वेणी धरली, मुठीला वेढा दिला आणि तिचं कपाळ खाटेच्या लोखंडी पट्टीवर आदळलं. एकदा, दोनदा, पुढे मी मोजलं नाही. तो ओरडतही नव्हता. कपाशीच्या गाठोड्यावर गुडघा देऊन दोरी आवळावी तसा दात खाऊन काम करत होता. साधनाच्या तोंडातून नुसता हुंकार येत होता. मी कोपऱ्यातली काठी घेतली आणि त्याला मारायला लागले. बराच वेळ मारलं. मग माझ्या ध्यानात आलं की मी त्याच्या पायांवर मारत होते. त्याला पत्ताच नव्हता.

निकिता धावत आली. कॉलेजात जाणारी पोरगी. तिनं बापाचं मनगट तोंडात धरलं आणि रक्त येईपर्यंत चावली. तेव्हा मूठ सुटली.

साधना ओसरीत जाऊन बसली. कपाळाची कातडी लोंबत होती. समोरच्या गोमतीबाईचा पोरगा औषधांच्या दुकानात कामाला आहे, त्यानं येऊन पट्टी बांधली. तिनं निकिताकडून फोन घेतला आणि रिठदला भावाला लावला. एवढंच म्हणाली, "हरीओम, सकाळी गाडी घेऊन ये."

त्या दिवशी ती पुन्हा आत गेली नाही. जगदेवनं हाक मारली. मग शिव्या दिल्या, माझ्या नावानं दिल्या, निकिताच्या नावानं दिल्या. मग पाणी मागितलं. पाणी मी दिलं. कूस बदलायला म्हणून मी एकटीनं जोर लावला, पण माझ्या हाताला तो हलला नाही. संध्याकाळी तो त्याच डाव्या कुशीवर होता, सकाळीही त्याच. पिशवी भरून गादी ओली झाली होती.

सकाळी हरीओम टेम्पो घेऊन आला. बहिणीचं कपाळ पाहिलं आणि सरळ आत निघाला. साधनानं त्याला दंडाला धरून थांबवलं.

"आधी त्याले उचल," ती म्हणाली. "वावरात नेऊ. मंग जाऊ."

"कायले?"

"मी म्हणतो म्हणून."

जगदेव नाही म्हणाला नाही. शेषराव वावरात असेल असं त्याला वाटलं असावं. त्यानं तुतारी छातीशी धरली. साधना हातभर लांब उभी राहिली. हरीओमनं आणि शेजारच्या दोघांनी त्याला गादीसकट उचलून टेम्पोत टाकलं. मी आणि निकिता मागे बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूला हिरवं पोपटी पीक होतं, सकाळचं ऊन होतं. मी सगळी हयात ज्या वाटेनं भाकरी घेऊन गेले तीच वाट. जगदेव आकाशाकडे पाहत होता. कितीतरी महिन्यांनी त्याला आकाश दिसलं होतं.

शेषराव होताच. शेवटचं तास उरकून खाली आपल्या वावरात उतरला होता आणि तिफणीची माती काढत होता. गाडी पाहून त्यानं बैल सोडले आणि हातात जू तसंच धरून उभा राहिला.

धुऱ्यापाशी, जिथं ट्रॅक्टर पडला होता तिथं खालच्या अंगाला गादी ठेवली. तिथून ढासळलेल्या जागी धुरा कापलेल्या भाकरीसारखा आडवा दिसत होता. साधना त्याच्या डोक्याशी उभी राहिली.

"पाह्य," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती नवऱ्याशी पहिल्यांदा एकेरीत बोलली. "खालचे गोटे पाह्य. शेवाळ चढलं त्याच्यावर. कोणाचा हात लागला का त्याले? आता वरची बाजू पाह्य."

वरच्या बाजूनं मातीवर पासेचे घाव दिसत होते, एकावर एक, दरवर्षीचे. मधे फक्त वीतभर माती उरली होती.

जगदेवनं तुतारी फिरवली. तिनं ती हवेतच धरली आणि हिसका दिला. तुतारी सोडायची नाही म्हणून तोही ओढला गेला आणि गादीवरून तोंडावर पडला. हरीओम पुढे झाला, शेषरावनंही जू टाकलं.

"कोणी हात लावू नका," साधना म्हणाली.

मग जगदेव सरपटायला लागला. शेषरावच्या दिशेनं. कोपर मातीत रोवायचा, अंग ओढायचा, पुन्हा कोपर रोवायचा. तोंडातून माती आणि शिव्या बरोबरच येत होत्या. मागून दोन्ही पाय घसटत येत होते. धुऱ्याकडच्या न पेरलेल्या पट्टीत मागच्या वर्षीच्या तुरीची धसकटं उभी होती, टोकदार. धोतर सुटलं. मांडीची कातडी धसकटांवर सोलत होती, मातीत रक्ताची ओळ पडत होती आणि त्याला काही माहीत नव्हतं. लघवीची पिशवी नळी ताणून मागे फरफटत येत होती. निकितानं तोंड फिरवलं. हातातल्या जोरावर तो शेषरावच्या पायापर्यंत गेला आणि त्यानं पायाला मिठी मारून पोटरीत दात रोवले. शेषराव कळवळला. त्यानं दुसरा पाय वर उचलला, खाली ते डोकं होतं. मी डोळे मिटून घेतले. पण त्यानं पाय हाणला नाही. तसाच एका पायावर डुगडुगत उभा राहिला.

मारलं ते साधनानं. तुतारी दोन्ही हातांनी धरून तिनं त्याच्या मांडीवर घातली.

"हे लागते का?"

तो दात सोडेना.

तिनं दुसरी खांद्यावर घातली. "हे?"

तिसरी दंडावर. चौथी पुन्हा तिथंच. दंडावर वळ उठला, कातडी फुटली. जगदेवनं शेषरावचा पाय सोडला आणि हात डोक्यावर घेतले. बैल मारताना माणूस जसा जोर राखून मारतो तसं ती मारत नव्हती. शेवटी तिचाच दम गेला. तुतारी जमिनीत रोवून तिच्या आधारानं ती खाली बसली. कपाळाची पट्टी लाल झाली होती.

"धुरा तू कोरला," ती म्हणाली. "निघालेले गोटे म्या वेचले. याच हातानं नाल्यात टाकले. मी बोलली नाई, म्हटलं पडलेल्या माणसाले काय बोलाव. वरीस झालं मी तुह्या खोट्याचा मार खाऊन राह्यली."

जगदेवचं तोंड मातीत होतं.  मग मान थोडी वळवून म्हणाला, "मले मालूम हाये."

"मालूम हाये?"

"पडलो तवाच मालूम झालं. ट्रॅक्टराखाली असतानीच."

"मंग शेषरावभाऊचं नाव काहून घेतलं? मले काहून मारलं?"

"मंग कोणाले मारू?" तो म्हणाला. "सांग न. कोणाले मारू मी?"

 शेषराव खाली बसून पोटरीचं रक्त पुसत होता. थोड्या वेळानं तो उठला, त्यानं जगदेवची पिशवी उचलून त्याच्या पोटावर ठेवली, धोतर अंगावर ओढलं आणि हरीओमला म्हणाला, "तिकून धर." दोघांनी मिळून त्याला टेम्पोत चढवलं. मग तो लंगडत आपल्या बैलांकडे गेला. मागे वळून त्यानं पाहिलं नाही.

घरी आल्यावर मी पाणी तापवलं. मांड्यांत अडकलेले धसकटांचे तुकडे निकितानं आणि मी चिमट्यानं काढले. तो पाहत होता, जणू दुसऱ्याचे पाय आहेत. साधना आत आली नाही. ओसरीत निकिताची पुस्तकं पिशवीत भरत होती. हरीओमनं टेम्पो उलटा करून दाराशी लावला होता. आपल्या कपड्यांचं गाठोडं तिनं आधीच मागे टाकलं होतं.

निकिता बापाकडे न पाहता मामाशेजारी जाऊन बसली. हरीओम म्हणाला, "चाल न बाई."

साधना दाराच्या चौकटीत उभी राहिली. आत जगदेव कालपासून ज्या डाव्या कुशीवर होता, त्याच कुशीवर पुन्हा ठेवलेला. खोलीभर जखमेचा वास. तो तिच्याकडे पाहत होता, ती त्याच्याकडे. दोघांच्या मधे त्याच्या हाताच्या टप्प्याएवढं अंतर होतं, त्याहून थोडं जास्त.

"जाऊन राह्यली?" त्यानं विचारलं.

"हो."

 मग त्यानं दोन्ही मनगटं जवळजवळ आणली आणि चौकटीच्या दिशेनं पुढे केली.

"बांध," तो म्हणाला. "आधी हे बांध. मंग वळव."

"मी हात सोडले की?"

"कूस बदलाच्या वक्ताले दर खेपी बांध."

 बाहेर हरीओमनं इंजिन चालू केलं होतं. ती वळून टेम्पोपाशी गेली, गाठोडं खाली ओढलं आणि भावाला सांगितलं की पोरीला घेऊन जा, ती तिथूनच कॉलेजात जाईल, ती या घरात झोपणार नाही. निकिता रडायला लागली. साधनानं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि गाडीच्या पत्र्यावर थाप मारली.

मग तिनं गाठोड्यातलं जुनं लुगडं काढलं, दातानं काठ धरून त्याची पट्टी फाडली. खाटेपाशी आली. तो हात पुढे करूनच होता, फुटलेल्या वळातून पाणी येत होतं. तिनं दोन्ही मनगटांना वेढे दिले आणि खाटेच्या उशाकडच्या गजाला गाठ मारली.

"घट्ट," तो म्हणाला.

तिनं एक गाठ आणखी मारली. मग वाकली, एक हात मानेखाली घातला, एक कमरेखाली.

"मोठी माय," ती म्हणाली, "पाय धरा."